रात्री ठोका चुकतो, धावताना नाही: तरी काळजी करावी का?

प्रश्न: माझं वय ४४. सहा वर्षांपासून आठवड्यातून चार दिवस धावतो, साधारण ४० किलोमीटर. सिगारेट नाही, रक्तदाब ठीक आहे. गेल्या महिन्याभरात रात्री अंथरुणावर पडलं की छातीत एखादा ठोका चुकतो आणि लगेच जोरात ‘धप्प’ होतं. कधी मिनिटात तीन-चार वेळा होतं, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. धावताना जाणवत नाही, धावून थांबलो की दहाएक मिनिटांत पुन्हा थोडं सुरू होतं. घड्याळ विश्रांतीचे ठोके ४६ दाखवतं. मागच्या आठवड्यात रात्री एकदा ३४ दाखवले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. त्याआधी एकदा आरामात धावत असताना अचानक १७८ दाखवले होते, मला मात्र काहीच जाणवलं नव्हतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. ‘ताण घेऊ नका’ एवढंच म्हणाले. धावणं बंद करू का? दहा आठवड्यांनी अर्धमॅरेथॉन आहे. मित्र म्हणतो मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू कर. घेऊ का?

उत्तर: धावणं बंद करू नका, पण काही तपासण्या होईपर्यंत ते हलकं ठेवा. तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच भीतीत गुंतल्या आहेत: रात्रीचा धप्प, घड्याळातले ३४, घड्याळातले १७८ आणि धावून थांबल्यावरचे ठोके. तुमची झोप उडवली ३४ या आकड्याने. आमच्या मते त्या चौघांत नीट तपासून घ्यावी अशी गोष्ट शेवटची आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

आधी धप्प म्हणजे काय ते पाहू. हृदयाची लय वरच्या उजव्या कप्प्यातला साइनस नोड ठरवतो. कधी कधी दुसऱ्याच एखाद्या जागेतून, वरच्या किंवा खालच्या कप्प्यांतून, एक ठोका वेळेआधी सुटतो. याला डॉक्टर एक्टोपिक म्हणतात, खालच्या कप्प्यातला असेल तर पीव्हीसी किंवा व्हीपीसी. हा ठोका लवकर पडल्यामुळे कप्प्यात रक्त पुरेसं भरलेलं नसतं. हृदय आकुंचन पावतं, पण बाहेर रक्त थोडंच जातं, म्हणून मनगटावर तो ठोका लागतच नाही. मग नेहमीपेक्षा लांब विराम येतो. त्या वेळात कप्पा जास्त भरतो आणि पुढचं आकुंचन जोरदार होतं. म्हणजे तुम्हाला जो धप्प घाबरवतो तो बिघडलेला ठोका नसतो, त्याच्यानंतरचा अगदी चांगला ठोका असतो. आणि ठोका ‘चुकलेला’ही नसतो, उलट एक जास्तीचा पडलेला असतो.

हे रात्रीच का होतं? एक तर शांतता असते आणि लक्ष छातीकडे असतं. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, त्यामुळे तोच ठोका मोठा वाटतो. पण तुमच्यासारख्या सराव असलेल्या माणसाच्या बाबतीत खरं कारण मंद नाडी हे आहे. मिनिटाला ४६ ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सुमारे १.३ सेकंदांची फट. एवढ्या फटीत आगाऊ जागेला मधे घुसायला भरपूर सवड मिळते. धावताना ठोके १४० झाले की फट ०.४३ सेकंदांवर येते. साइनस नोडचा पुढचा इशारा इतक्या लवकर येतो की दुसऱ्या कुणाला संधी उरत नाही. श्रम वाढवले की नाहीसे होणारे एक्टोपिक हे म्हणूनच चांगलं लक्षण मानतात, आणि श्रमासोबत वाढणारे वाईट. ठोका किती जोरात जाणवतो यावरून धोका ठरत नाही. तो कधी येतो, त्यावरून ठरतो.

धावून थांबल्यावरचे ठोके या दोन्हींच्या मधे पडतात. थांबल्यावर नाडी खाली येऊ लागते, पण रक्तातलं अ‍ॅड्रिनॅलिन अजून चढलेलं असतं. शिवाय धावताना स्नायूंतून रक्तात आलेलं पोटॅशियम थांबताच झपाट्याने स्नायूंत परत जातं आणि त्याची पातळी खाली येते. या दोन-चार मिनिटांत अधूनमधून एक्टोपिक येणं निरोगी माणसातही दिसतं. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, स्ट्रेस टेस्टसाठी (ट्रेडमिलवर श्रम करवत काढायचा ईसीजी) पाठवलेल्या २९ हजारांवर रुग्णांपैकी ज्यांना थांबल्यानंतरच्या मिनिटांत खालच्या कप्प्यातले ठोके वारंवार आले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. तिथे वारंवार याचा अर्थ मिनिटाला सात किंवा त्याहून जास्त, किंवा जोडीने आणि रांगेने येणारे. ते लोक रुग्ण होते, धावपटू नव्हते. त्यामुळे तो निष्कर्ष तुमच्यावर जसाच्या तसा लावू नका. पण ‘थांबल्यावर येतात’ हे वाक्य डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, आणि तुमच्या वयाला ते सांगितलं की स्ट्रेस टेस्ट व्हायलाच हवी.

आता घड्याळ. त्याच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेखालून जाणाऱ्या रक्ताच्या लाटा मोजतो, हृदयातली वीज नाही. एक्टोपिकची लाट मनगटापर्यंत पोचत नाही हे वर आलंच. समजा काही वेळ दर दुसरा ठोका एक्टोपिक आला (याला बायजेमिनी म्हणतात), तर हृदय ६८ वेळा आकुंचन पावत असताना घड्याळाला ३४ लाटा दिसतील. तुमच्या ३४ चं हे एक शक्य कारण. दुसरं कारण आणखी साधं आहे: नियमित धावणाऱ्यांची नाडी गाढ झोपेत तिशीत जाऊ शकते. ईसीजी नॉर्मल असताना, चक्कर किंवा अंधारी येत नसताना आणि धावायला लागल्यावर नाडी व्यवस्थित वर चढत असताना, झोपेतला एकटा ३४ हा आकडा धोक्याचा नाही. चढ चढतानाही नाडी ६०–७० च्या पुढे जात नाही आणि पाय जड पडतात, असं झालं तर ती वेगळी गोष्ट, ती दाखवायलाच हवी.

१७८ बद्दल आमची शंका तुमच्या पावलांवर आहे. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात. हात हलतो, पट्टा सैल असतो, आणि प्रकाशाचा सेन्सर नाडीऐवजी पावलांचा ताल पकडतो. अ‍ॅपमध्ये त्या दिवसाचा आलेख उघडा आणि ठोक्यांच्या रेषेखाली पावलांची रेषा लावून बघा. दोन्ही एकाच आकड्यावर चिकटलेल्या असतील तर उत्तर मिळालं. पुढच्या वेळी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधा. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण त्याचे इलेक्ट्रोड आधी पाण्याने ओले करायला हवेत. कोरड्या पट्ट्यावर पहिली पाच-दहा मिनिटं, घाम येईपर्यंत, वाट्टेल ते आकडे दिसतात. कृत्रिम धाग्याचा सैल शर्ट वाऱ्याने फडफडत असेल तर त्याच्या स्थिर विजेनेही उड्या दिसतात.

इथे एक अडचण आहे. एसव्हीटी नावाच्या खऱ्या विकारातही ठोके क्षणात १५० ते २२० वर उडी मारतात. फरक ओळखायचा तो असा. चालायला लागा आणि गळ्यावर किंवा मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, त्याला ४ ने गुणा. घड्याळाची चूक असेल तर हाताने मोजलेली नाडी नेहमीच्या हिशोबात निघते. एसव्हीटी असेल तर तुम्ही वेग कमी केला तरी ठोके हळूहळू उतरत नाहीत. ते वर तसेच राहतात आणि मग एकदम, बटण दाबल्यासारखे, खाली येतात. असं झालं तर पुढच्या वेळेसाठी डॉक्टरांकडून सुधारित वलसाल्वा शिकून घ्या: अर्धवट बसून १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, तिचा दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, १५ सेकंद फुंकायचं. मग लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्या कुणीतरी पाय ४५ अंशांत वर उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय एका मिनिटात पूर्ववत झाली, पाय न उचलता केलेल्या जुन्या पद्धतीने १७ टक्के लोकांची. छातीत दुखत असेल किंवा भान हरपतंय असं वाटत असेल तर मात्र हे प्रयोग करत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

घड्याळात ३० सेकंदांचा ईसीजी काढायची सोय असेल तर धप्प होत असतानाच तो काढा. हात टेबलावर टेकवा, बोलू नका, श्वास रोखू नका. निघालेली फाइल जपून ठेवा. घड्याळ त्यावर जो शेरा लिहितं त्याला फार महत्त्व देऊ नका. ते प्रामुख्याने एकाच गोष्टीसाठी शिकवलेलं असतं, ती म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर). एक्टोपिक, मंद नाडी किंवा खूप जलद नाडी दिसली की बरीच घड्याळं ‘अनिर्णित’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ वाईट असा नसतो. डॉक्टर मात्र ती रेघ पाहून दहा सेकंदांत सांगू शकतात. आणि हेही लक्षात ठेवा की एकाच दिशेने काढलेल्या या ईसीजीवर हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दाब जाणवत असताना घड्याळाने ‘सामान्य’ म्हटलं म्हणून घरी थांबू नये.

यंत्र नसेल तर बोटं पुरतात. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या रेषेत मनगटावर ठेवा (अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते) आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. दुसऱ्या हाताने टेबलावर तोच ताल वाजवा. ताल सरळ चालू आहे, मधेच एक विराम, पुन्हा सरळ: हे एक्टोपिक. श्वास घेताना नाडी जरा जलद आणि सोडताना जरा मंद, असा झुलता ताल असेल तर तो विकारच नाही, उलट सराव असलेल्या माणसात तो जास्त उठून दिसतो. कोणत्याही दोन ठोक्यांतलं अंतर सारखं नाही, टेबलावर ताल धरताच येत नाही, असं झालं तर एट्रियल फिब्रिलेशनचा विचार करायला हवा.

त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या मध्यमवयीन लोकांत हा प्रश्न खरा आहे. यात वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात. त्यांत रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. मध्यम व्यायामाने या विकाराचा धोका कमी होतो, पण वर्षानुवर्षं फार जास्त सहनशक्तीचा व्यायाम करणाऱ्यांत, विशेषतः पुरुषांत, तो पुन्हा वाढतो. स्वीडनमधल्या व्हासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीत १९८९ ते १९९८ या काळात उतरलेल्या ५२ हजारांहून अधिक लोकांची नोंद पाहिली गेली. ज्यांनी ती पाच किंवा जास्त वेळा पूर्ण केली त्यांच्यात, एकदाच पूर्ण केलेल्यांच्या तुलनेत, हा विकार अधिक आढळला. तुमचं आठवड्याचं चार तासांच्या आसपासचं धावणं त्या पातळीच्या जवळपासही नाही. तरी लक्षण ओळखून ठेवा. बरेच धावपटू धडधडीची तक्रार घेऊन येत नाहीत. ते सांगतात की नेहमीचा आरामाचा वेग अचानक जड जाऊ लागला, दम लागला, आणि त्याच वेगाला ठोके २०–३० ने जास्त दिसले. असं झालं तर धावणं तिथेच थांबवा, नाडीचा ताल तपासा आणि सुरू कधी झालं ती वेळ लिहून ठेवा. लय पूर्ववत करण्याचा उपचार कधी आणि कसा करायचा हे त्या वेळेवर बरंच अवलंबून असतं. ताल ठीक होत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता ईसीजी काढून घ्या.

कोणत्या गोष्टी झाल्या तर आमचं वरचं सगळं बाजूला ठेवायचं, तेही स्पष्ट सांगतो. धावत असताना, पाय चालू असताना शुद्ध हरपली किंवा हरपता हरपता राहिली. धावणं थांबवून उभं राहिल्यावर चक्कर येणं बहुतेकदा पायांत रक्त साचल्यामुळे असतं. चालत्या पायांनी पडणं तसं नसतं. श्रम केले की छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब येतो. ठोके श्रमासोबत वाढतात, जोडीने किंवा रांगेने येतात. आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाचा ४० च्या आत अचानक मृत्यू झाला आहे, यात कारण न कळलेलं बुडणं किंवा एकट्याच्या गाडीचा अपघातही धरा. नातेवाइकांना ‘हृदयविकार आहे का’ असं विचारू नका, उत्तर नाही असंच येतं. ‘घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, कुणाला पेसमेकर बसवलाय का’ असं विचारा. यातलं काहीही असेल तर धावणं त्या दिवसापासून बंद आणि हृदयरोगतज्ज्ञांची भेट लवकरात लवकर. शुद्ध हरपणं किंवा छातीतला दाब आत्ता, या क्षणी चालू असेल तर आपत्कालीन विभाग, आणि तिथे स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

आणखी एक प्रश्न आम्ही तुम्हाला विचारला असता: हे सुरू होण्याआधीच्या चार आठवड्यांत ताप येऊन गेला का? विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते कधी कधी, आणि एक्टोपिक हे तिचं पहिलं लक्षण असू शकतं. तशी सूज निघाली तर ३ ते ६ महिने जोराचा व्यायाम बंद ठेवावा लागतो, तिथे तडजोड नाही. घाम काढून ताप उतरवायला धावायला जाणारे लोक आहेत. ते सर्वात धोकादायक शहाणपण.

तपासण्यांकडे येऊ. तुमचा नॉर्मल ईसीजी वाया गेलेला नाही. हृदयातल्या विजेची जन्मजात जादा वाट, लांबलेला क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर), स्नायूची अतिवाढ अशा बऱ्याच गोष्टींच्या खुणा त्यात दिसल्या असत्या. पण तो फक्त १० सेकंदांचा असतो, आणि त्या दहा सेकंदांत धप्प झाला नसेल तर त्याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. म्हणून होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र. तुमचे ठोके कधी दोन-दोन दिवस गायब असतात, तेव्हा २४ तासांचा होल्टर रिकामा जाण्याची शक्यता आहे. ७ ते १४ दिवसांचा चिकटपट्टीचा रेकॉर्डर मिळत असेल तर तो मागा. तो लावून घरात बसून राहू नका. त्या दिवसांत नेहमीसारखं, हलकं, धावून या, कारण थांबल्यानंतरची दहा मिनिटंच आपल्याला हवी आहेत. चिकटवण्याच्या जागेवरचे केस काढून घ्या, त्या दिवशी तेल किंवा क्रीम लावू नका, नाहीतर घामाने पट्टी सुटते. धप्प झाला की बटण दाबा आणि वहीत वेळ, काय करत होता आणि काय वाटलं एवढं लिहा. रेकॉर्डिंग ठीक निघालं पण वहीच कोरी, असं झालं की अर्धी तपासणी फुकट जाते.

अहवालात ‘एकूण ठोक्यांपैकी एक्टोपिक किती टक्के’ ही ओळ आधी शोधा. दिवसभरात हृदय सुमारे एक लाख ठोके देतं. त्यात ५०० एक्टोपिक हा आकडा वाचायला भयंकर वाटतो, पण तो अर्धा टक्का झाला. हृदयाची रचना चांगली असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. १० टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर लक्ष ठेवतात, कारण दीर्घकाळ तेवढे ठोके पडत राहिले तर काही जणांत हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते. २० टक्क्यांच्या पुढे ती शक्यता आणखी वाढते. टक्क्यांइतकंच महत्त्व आकाराला आहे. सगळे एक्टोपिक एकाच घडणीचे असतील तर ते एकाच जागेतून येतात. वेगवेगळ्या घडणीचे असतील, किंवा तीन-चार सलग असतील, तर पुढे हृदयाचा एमआरआय करावा लागू शकतो.

टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करताना तिथे बसल्या बसल्या सांगा की मी आठवड्याला चार तास धावतो. सरावाने हृदयाचे कप्पे थोडे मोठे होतात, आणि हे माहीत नसेल तर अहवालात ते आजार म्हणून लिहिलं जाऊ शकतं. स्ट्रेस टेस्टला एक विनंती आवर्जून करा. वयानुसार काढलेल्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांवर पोचलं की अनेक ठिकाणी ट्रेडमिल थांबवतात. तुमच्या बाबतीत ते १५० च्या आसपास झालं, म्हणजे तुमचं रोजचं धावणं. तेवढ्याने काहीच कळणार नाही. डॉक्टरांना योग्य वाटत असेल तर खरी दमछाक होईपर्यंत चालू ठेवायला आणि थांबल्यावरही निदान ६ ते १० मिनिटं रेकॉर्डिंग सुरू ठेवायला सांगा. चाळिशीनंतर या टेस्टचा दुसराही हेतू असतो: साधारण ३५ च्या पुढे व्यायाम करताना होणाऱ्या अचानक मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे हे आहे, ठोक्यांचे विकार नव्हे. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घ्या.

मॅग्नेशियमच्या गोळ्या या अहवालाच्या आधी नकोत. पातळी कमी असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असाल (त्यांनी मॅग्नेशियम उतरतं) तर त्यांचा उपयोग आहे. पातळी नीट असताना गोळ्यांचा सर्वात खात्रीचा परिणाम म्हणजे जुलाब, आणि जुलाबाने पोटॅशियम जातं, म्हणजे एक्टोपिक वाढायला नवं कारण. मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे.

गोळ्यांपेक्षा आधी बघण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. सहा तासांहून कमी झोप. दारू, अगदी एका संध्याकाळची जास्त झालेली सुद्धा. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप (तो बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा). व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरी, ज्यांत एका मापात कॉफीच्या दोन-तीन कपांएवढं कॅफिन असू शकतं. कॉफीबद्दल म्हणाल तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०० प्रौढांना दोन आठवडे आलटून पालटून कॉफीचे आणि बिनकॉफीचे दिवस दिले. वरच्या कप्प्यातले जादा ठोके वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले वाढले. त्या दिवशी लोक सुमारे हजार पावलं जास्त चालले आणि रात्री सुमारे ३६ मिनिटं कमी झोपले. म्हणजे सरसकट सोडायची गरज नाही, पण स्वतःवर तपासून बघा. एका वेळी एकच गोष्ट दोन आठवडे बंद करा आणि रात्रीचे धप्प मोजा. चार गोष्टी एकदम सोडल्यात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

‘ताण घेऊ नका’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. भीतीने अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, त्याने एक्टोपिक वाढतात, ते जाणवले की भीती वाढते. हे चक्र तोडायला मनाला समजावणं पुरत नाही, हाताला नियम लावावा लागतो: एका धप्पला एक रेकॉर्डिंग, त्यानंतर घड्याळ काढून ठेवायचं. तपासण्या नॉर्मल आल्या की मंद नाडीची सूचना अ‍ॅपमधून बंद करून टाका. ४६ विश्रांतीची नाडी असलेल्या माणसाला ती दर आठवड्याला विनाकारण उठवणार.

उपचाराची वेळ आलीच तर पहिलं औषध बहुधा बीटा ब्लॉकर असेल. ते ठोक्यांची कमाल मर्यादा खाली आणतं, त्यामुळे ठोक्यांवर बेतलेलं तुमचं सरावाचं वेळापत्रक निरुपयोगी होतं. तेव्हा ठोक्यांऐवजी श्रम किती वाटतात यावर चला, आणि ही गोळी एकदम कधीच बंद करू नका. आधीच ४६ नाडी असताना ती सोसेल का, हा प्रश्न डॉक्टरांना आपणहून विचारा. एकाच जागेतून भरपूर एक्टोपिक येत असतील तर मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जागा निकामी करणारं अ‍ॅब्लेशन हा दुसरा पर्याय, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तिथवर जाण्याचं चिन्ह नाही.

तोवरचं धावणं असं ठेवा. वेग इतकाच की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. वेगाचे तुकडे, चढ आणि शेवटची दौड नको. सुरुवातीला १० मिनिटं चालणं आणि हळू धावणं, शेवटी आणखी १० मिनिटं तसंच, वेग टप्प्याटप्प्याने उतरवत. थांबल्यावरच ठोके येतात त्या माणसाने पूर्ण वेगातून एकदम उभं राहणं टाळावं. एकटे जाऊ नका, फोन सोबत ठेवा. धावताना धप्प झाला तर चालायला लागा, एक मिनिट नाडी मोजा. ताल सरळ असेल आणि दुसरं काही वाटत नसेल तर हळू पुढे जा, त्याच फेरीत पुन्हा पुन्हा होत असेल तर चालत परत या. घामासोबत पाणी आणि मीठ भरून काढा, पण तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पिऊ नका, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं.

शर्यतीचा निर्णय आज घेऊ नका. तपासण्यांना दोन-तीन आठवडे लागले तरी सात आठवडे हातात राहतात, आणि सहा वर्षांचा पाया असलेल्या माणसाला २१ किलोमीटरसाठी ते पुरतात. एको चांगला, एक्टोपिक थोडे आणि एकाच घडणीचे, स्ट्रेस टेस्टमध्ये श्रमासोबत नाहीसे होणारे आणि थांबल्यावरही तुरळक, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर वेगाचा सराव पुन्हा सुरू करा आणि शर्यत पळा. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत ताप आला तर मात्र ती सोडून द्या, आणि कॅफिन घातलेलं जेल त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.